लेकराचं रक्त आणि आपली जमीन

(सोनारी, ता. परंडा इथं गायरानधारक आणि ऊसतोड कुटुंबांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. जसं बोलले तसंच लिहून काढलं आहे.)



सकाळपासून गायरानावर बोलणं चाललंय. एक-ईच्या नोंदी, पंचनामे, दंडाच्या पावत्या, कोणाचा कागद कुठं अडला. आणि मधेच मला रक्तावर बोलायला उभं केलंय. मघाशी एक तात्या म्हणाले, "पोरी, सातबाऱ्याचं बोल, रक्ताचं काय घेऊन बसलीस?" तात्या, सातबाऱ्यावरच येणार आहे. पण वाट थोडी लांबची आहे, जरा दम धरा.

माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट आधी सांगते. तिला विचारून सांगतीये, ती इथंच बसलीये.

तिचं पहिलं लेकरू एका दवाखान्यात झालं. पोरगा आहे, चांगला आहे, आता शाळेत जातो. त्या वेळी कार्डावर तिचा रक्तगट लिहून मिळाला होता, बी निगेटिव्ह. 'बी' गट आहे एवढं आम्हाला कळलं. निगेटिव्ह म्हणजे काय हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला ती सात महिन्यांची असताना कोयत्यावर गेली. उचल घेतलेली होती, मागं राहून कसं भागणार? लेकरू फडाशेजारच्या कोपीत झालं, रात्री. पोरगी. रडली, अंगावर प्याली. दुसऱ्या दिवशी मावळतीला तिचे डोळे पिवळे दिसले. म्हातारी म्हणाली, कवळ्या उन्हात धरा, उतरंल. त्याच्या दुसऱ्या दिवशी पायाच्या तळव्यापर्यंत पिवळी झाली. तिसऱ्या दिवशी दूध ओढायची बंद झाली. मुकादम म्हणाला, गाडी भरून झाली की बघू. दवाखान्यात पोचायला रात्र झाली. तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, म्हणले अंगातलं सगळं रक्त बदलायला लागंल. ती वाटेतच गेली. पाचवी पुजायची राहिली होती. नाव पण ठेवलेलं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरनं बहिणीचा रक्तगट विचारला तेव्हा कार्ड गावाकडं पत्र्याच्या पेटीत होतं. नंतर कार्ड बघून एक डॉक्टर म्हणाले, पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यायला पाहिजे होतं. ते दिलं असतं तर ही पोरगी वाचली असती.

रक्तगट मी शाळेत शिकले होते. परीक्षेत लिहून मार्क पण घेतले. पण घरातल्या कार्डावरचा 'निगेटिव्ह' मला वाचता आला नाही. म्हणून त्यानंतर मी हे सगळं वाचत गेले, विचारत गेले. जे कळलं ते आज तुमच्यापुढं ठेवते.

आधी लेकराच्या रक्ताचा हिशोब बघू. अडीच किलोचं लेकरू जन्मलं तर त्याच्या सगळ्या अंगात मिळून रक्त किती? साधारण दोनशे मिली. आपण चहा पितो तसले दोन कप. एवढ्यावर ते जग बघायला निघतं. त्यातलं अर्धा कप जरी गेलं, फुटलं किंवा कमी पडलं, तरी मोठ्या माणसाच्या अंगातून तांब्याभर गेल्यासारखं आहे.

आता सरकारचा हिशोब. २०१९ ते २१ मध्ये देशाची मोठी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, पाचवी. तिच्यात महाराष्ट्रातल्या १०० लेकरांमागं जवळजवळ ६९ लेकरांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या पाहणीत ५४ होती. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढली. बायांचं बघाल तर १०० मधल्या ५४. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही लेकरं कोणत्या वयाची मोजली? सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची. सहा महिन्यांच्या आतलं लेकरू या आकड्यात नाही. माझ्या बहिणीची पोरगी तर कुठल्याच आकड्यात नाही. ती जन्मल्याची नोंद नाही आणि मेल्याची पण नाही. आपली गायरानावरची वहिवाट जशी चाळीस वर्षं असून नोंदीत नाही, तसंच.

नवीन लेकराचं रक्त कमी व्हायच्या तीन वाटा आहेत. एकेक सांगते.

पहिली वाट आईच्या पोटातली. आपण मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जातो, तसं लेकरू आईकडून लोहाची उचल घेऊन जन्माला येतं. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, म्हणून ही उचल त्याला चार ते सहा महिने पुरवायची असते. आईच्याच गाठीला काही नसलं तर ती देणार कुठून? लेकरू जन्मताना लाल दिसतं, सगळे म्हणतात चांगलं आहे. सहाव्या महिन्याला ते पांढरं पडतं, किरकिर करतं, माती खातं. मग आपण दृष्ट काढतो.

दुसरी वाट नाळेची. लेकरू बाहेर आलं तरी नाळेतून त्याच्याकडं रक्त येतच असतं. नाळ हाताला धडधडते ती त्यानंच. लगेच चिमटा लावून कापली तर लेकराच्या हक्काचं रक्त वारेत अडकून राहतं. एक ते तीन मिनिटं थांबलं तर ८० ते १०० मिली रक्त जास्तीचं मिळतं. दोन कपातलं जवळजवळ एक कप बघा! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली सांगितलं की लेकरू नीट श्वास घेत असलं तर एक मिनिटाच्या आत नाळ बांधू नका. आता आमची आजी काय करायची? वार पडल्याशिवाय नाळेला हात लावायची नाही. तिला कोणी अडाणी म्हणलं असंल. पण तिचं थांबणं बरोबर होतं, हे मोजूनमापून सिद्ध झालं. तिचं चुकत होतं ते ब्लेडमध्ये. ते उकळलेलं नसायचं. म्हणजे जुनं सगळं फेकायचं नाही आणि सगळं धरून पण बसायचं नाही. एकेक तपासून घ्यायचं.

तिसरी वाट रक्त फुटण्याची. लाल पेशी फुटल्या की त्यातून पिवळं बाहेर पडतं, तीच लेकराची कावीळ. बऱ्याच लेकरांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर थोडी कावीळ येते आणि आपोआप जाते. पण पहिल्याच दिवशी, चोवीस तासांच्या आत लेकरू पिवळं झालं, तर ते साधं नसतं. हे वाक्य घरी जाऊन दहा जणींना सांगा. पहिल्या दिवसाची कावीळ म्हणजे त्याच घटकेला दवाखाना. गाडी भरायची वाट बघायची नाही.

माझ्या बहिणीच्या लेकराचं रक्त असंच फुटलं. आईचा गट निगेटिव्ह, बापाचा पॉझिटिव्ह, लेकरू बापावर गेलेलं. पहिल्या बाळंतपणात लेकराचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं अंग त्याला परकं समजतं आणि त्याच्यावर हत्यार बनवून ठेवतं. पहिलं लेकरू तर बाहेर आलेलं असतं, ते वाचतं. ते हत्यार दुसऱ्यावर चालतं. हे निगेटिव्ह-पॉझिटिव्ह १९४० साली अमेरिकेत सापडलं, रीसस नावाच्या माकडाच्या रक्तावर काम करताना. म्हणून त्याला आर.एच. म्हणतात. आपल्या सोनारीत भैरवनाथाच्या माकडांना कोणी हुसकत नाही. माकडाच्या रक्तावरून माणसाची लेकरं वाचायची विद्या निघाली, हे त्यांच्या खाती धरायला हरकत नाही. (हशा)

ते इंजेक्शन, अँटी-डी, १९६८ पासून जगात मिळतंय. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. गर्भ पडला तरी द्यायचं असतं. आपल्या देशात १०० बायांमागं साधारण पाच जणी निगेटिव्ह असतात. इथं आज दोनेकशे बाया असतील. म्हणजे इथंच नऊ-दहा जणी असतील. कोण कोण आहे, माहीत आहे का? हात वर करा. (तीन हात वर झाले.) बघा. बाकीच्यांना माहीतच नाही.

माझं म्हणणं नीट ऐका. संशोधन झालेलं होतं. औषध निघून पन्नास वर्षं झाली होती. नुसतं कोपीपर्यंत पोचलं नव्हतं. म्हणून 'संशोधन' शब्द ऐकला की मी आधी विचारते, कोणाच्या रक्तावर झालं आणि कोणाच्या दारात पोचलं?

चांगली उदाहरणं पण आहेत, ती सांगते.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिनं काम केलं. मुंबईतल्या गरीब बाया, कापडगिरणीत राबणाऱ्या, गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून मरत होत्या. आधी वाटलं काही जंतू असंल. तिनं शोधलं, सापडला नाही. मग त्या बाया काय खातात ते तिनं बघितलं. ना भाजी, ना फळ, ना दूध. तसलंच खाणं तिनं उंदरांना घातलं, तर उंदरांचं पण रक्त कमी झालं. नंतर एका माकडाला यीस्टचा अर्क दिला, तो 'मार्माइट' म्हणून बाटलीत मिळायचा. माकड सुधारलं. मग बायांना दिला, बाया उठून बसल्या. हा अर्क म्हणजे दारूच्या कारखान्यातला उरलेला गाळ, स्वस्तातली गोष्ट. १९३१ साली तिनं हे छापलं. त्या अर्कातलं औषध पुढं पालकाच्या पानांतून वेगळं काढलं, त्याचं नाव फॉलिक ॲसिड. आज आशाताई जी लाल गोळी देते तिच्यात लोह असतं आणि हेच फॉलिक ॲसिड असतं. म्हणजे ती गोळी परळच्या गिरणीतल्या बायांच्या रक्तातून आलेली आहे. आपण ती चुलीमागं टाकून देतो. गोळीनं मळमळतं, शी काळी होते, मला माहीत आहे. जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. चहा लोहाला अंगात शिरू देत नाही. गरोदरपणात १८० गोळ्या आणि बाळंत झाल्यावर १८०, एवढं आपलं हक्काचं आहे.

दुसरं उदाहरण नागपूरचं. सिकल सेल तुम्ही ऐकलं असंल. लाल पेशी गोल असायच्या ऐवजी विळ्यासारखी वाकडी होते, अडकते, फुटते. अंग ठणकतं, रक्त कमी पडतं. हा आजार आईबापाकडून येतो. दोघांच्यात त्याचा एकेक अंश असला तर दर खेपेला चारात एक लेकरू आजारी व्हायचा धोका. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारकडं तो पुष्कळ आहे. याची अवघड गोष्ट अशी की जन्मलेल्या लेकरात तो दिसत नाही. पोटातलं रक्त वेगळ्या धाटणीचं असतं, ते पहिले काही महिने लेकराला सांभाळतं. ते ओसरलं की आजार वर येतो. तोवर एखाद्या तापात लेकरू जातं आणि कशानं गेलं कळत नाही.

नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजनं आणि मुंबईच्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेनं मिळून काय केलं? गरोदर बायांची तपासणी केली. ज्यांच्यात सिकलचा अंश होता त्यांची लेकरं जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच तपासली. दोन हजारांवर लेकरं तपासली, त्यात शंभरावर लेकरांना आजार निघाला. ती लेकरं दुखायच्या आधीच सापडली. त्यांना पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड आणि लसी सुरू केल्या आणि पुढं वर्षानुवर्षं बघत राहिले. पेनिसिलिनचं पण सांगते. १९८६ साली अमेरिकेत सिद्ध झालं की सिकलच्या लेकरांना रोज तोंडानं पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा संसर्ग शंभरात ऐंशीहून जास्त कमी होतो. टाचेतून रक्ताचे दोन थेंब आणि साधं औषध, त्यानं लेकरू जगतं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सिकल सेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं. सात कोटी माणसं तपासायची, ४० वर्षं वयापर्यंतची, आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा. आदिवासी भागासाठी आहे. आता आपलं बघा. आपण आदिवासी आहोत, पण आपला जिल्हा आदिवासी नाही. अनुसूचित क्षेत्रात धाराशिवचं एक पण गाव नाही. योजना जिल्हा बघून येते, आणि पारधी तर चार पालं इथं, दोन पालं तिथं. आपल्या पालावर अजून कोणी टाच टोचायला आलेलं नाही. सिकल आपल्यात आहे की नाही हे कळायला आधी कोणी यायला तर पाहिजे!

तिसरं उदाहरण गडचिरोलीचं, आणि ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिकडं गेले. सुरुवातीला त्यांनी सिकल सेलचाच अभ्यास केला. आजार सापडला. पण लोक हलले नाहीत. कारण तो प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, डॉक्टरांना पडलेला होता. हे त्यांनी स्वतः कबूल केलंय. मग त्यांनी लोकांना विचारून काम ठरवायला सुरुवात केली. पुढं ३९ गावांमध्ये गावातल्याच बायांना शिकवलं, घरी जाऊन नवीन लेकरू कसं तपासायचं ते. पहिल्या महिन्यात मरणारी लेकरं हजारात ६२ होती, तीन वर्षांत पंचविसाच्या आसपास आली. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते ना, त्या रिवाजाचं मूळ तिथं आहे. पण फडातली बाळंतीण कोणाच्या यादीत? गावची आशा म्हणते, ती इथं नाही. कारखान्याकडची आशा म्हणते, ती आमच्या गावची नाही. दोन याद्यांच्या मधल्या फटीत आपली लेकरं पडतात.

आता तात्यांच्या मनातली गोष्ट. आपली माणसं रक्त द्यायला भितात. मी पालावर रक्तगटाच्या शिबिराचं बोलले तर एक आजी म्हणाली, "आज रक्त नेतील, उद्या पोलीस आणतील." कोणाला हसू येईल, मला आलं नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवलं. लेकरू आईच्या पोटातून यायच्या आधी त्याच्यावर शिक्का तयार होता. बोटांचे ठसे, रोजची हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा गेला. पण कुठं चोरी झाली की गाडी अजून आपल्याच पालावर येते. ज्यांच्या आज्याचा अंगठा वहीत गेला तो घात करायला, त्यांनी आज रक्त सहज द्यावं असं कसं म्हणू?

आणि ही भीती आपलीच नाही. अमेरिकेत हवासुपाय नावाचे आदिवासी आहेत. मोठ्या घळीत राहतात, जेमतेम सहाशे-साडेसहाशे माणसं. १९९० च्या सुमाराला एका विद्यापीठानं त्यांचं रक्त नेलं, म्हणले साखरेच्या आजाराचा अभ्यास करतो. पुढं तेच रक्त न विचारता दुसऱ्याच अभ्यासांना वापरलं. वेडाच्या आजाराचा अभ्यास केला. तुमचे पूर्वज या भूमीतले नाहीतच, दुसऱ्या खंडातून आलेत, असं लिहिलं. ज्यांची सगळी लढाई 'ही जमीन आमच्या पूर्वजांची' म्हणून चालू आहे, त्यांच्याच रक्तातून त्यांच्याविरुद्ध कागद काढला! ते कोर्टात गेले. २०१० साली विद्यापीठानं सात लाख डॉलर दिले आणि रक्ताच्या बाटल्या परत केल्या. माणसं ते रक्त गाणी म्हणत आपल्या घरी घेऊन गेली.

मग आपण काय करायचं? द्यायचंच नाही म्हणायचं? मी म्हणते, नाही. बहिणीची पोरगी रक्त घेतल्यानं मेली नाही. घेतलेल्या रक्ताचा कागद कोणी समजावून सांगितला नाही, म्हणून मेली. तपासणी आपल्याला पाहिजे. पण आपल्या अटीवर पाहिजे. आणि या अटी मी मनानं काढलेल्या नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत. माणसाला त्याच्या भाषेत समजावून, राजीखुशीनं मान्यता घेतल्याशिवाय संशोधन करता येत नाही. लेकराच्या बाबतीत आईबापाची मान्यता लागते. नाही म्हणलं तरी उपचार बंद करता येत नाहीत.

संघटनेनं खालच्या गोष्टी ठरवाव्यात असं माझं म्हणणं आहे.

एक. जो कोणी रक्त घ्यायला येईल त्यानं आधी पालावर बसून कशासाठी, ते आपल्या बोलीत सांगावं. समजल्याशिवाय अंगठा नाही.

दोन. रिपोर्ट हातात मिळाला पाहिजे, मराठीत, आणि त्याचा अर्थ सांगणारं माणूस पाहिजे. आजार निघाला तर औषध कुठं आणि कोण देणार, हे त्याच दिवशी कळलं पाहिजे.

तीन. दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघायच्या अगोदर, प्रत्येक गरोदर बाईचा रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. कार्ड पेटीत ठेवायचं नाही, कमरेच्या पिशवीत. निगेटिव्ह असंल तर अँटी-डी कुठं मिळंल ते आधीच विचारून ठेवायचं.

चार. कारखान्याच्या हद्दीतल्या कोप्यांची यादी तिथल्या आशाताईकडं आणि नर्सबाईकडं असावी. बाळंतिणीसाठी गाडी देणं हे मुकादमाच्या मर्जीवर नसावं. उचलीच्या कागदावर तसं लिहून घ्यायचं.

पाच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दोन गोष्टी विचारायच्या. नाळ थांबून कापणार का? आणि व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं का? ते लेकराला पहिल्याच दिवशी देतात, त्यानं आतला रक्तस्राव टळतो. लेकराच्या कपड्यात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत. काही लेकरांच्या रक्तात जन्मापासून एक उणीव असते, त्या वासानंच त्यांचं रक्त फुटतं.

सहा. लेकरू कुठंही जन्मू द्या, २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करायची. ती फुकट होते. आज आपल्याला जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आज्याला शाळा नव्हती, घर नव्हतं, पुरावा कुठला? निदान आजच्या लेकराला तरी उद्या असं हात जोडून उभं राहायला लागू नये.

आता तात्या, सातबाऱ्यावर आले.

गोळी, इंजेक्शन, तपासणी हे सगळं पाहिजेच. पण आईच्या अंगात रक्त येतं ते खाण्यातून. आपले आजे तितर, लावे, ससे मारून खायचे. मटणातलं लोह अंगाला पटकन लागतं. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. जनावरं वाचली पाहिजेत, मान्य. पण शिकारीच्या बदल्यात जमीन कोणी दिली नाही. ताटातलं मांस गेलं आणि त्या जागी भाकरी-ठेचा आला. कोपीत बाई पहाटे तीनला उठते, चहावर मोळ्या बांधते, खाडा नको म्हणून दुखणं अंगावर काढते. तिच्या पोटातल्या लेकरानं लोहाची उचल कोणाकडून घ्यायची?

ज्यांनी गायरान कसलंय त्यांच्या घरी जाऊन बघा. एकरभर जमिनीत तूर आहे, हुलगा आहे, बांधावर शेवगा आहे, तांदुळजा आपोआप उगवतो, दोन शेळ्या, चार कोंबड्या आहेत. ती बाई बाळंतपणापुरती तरी घरी राहू शकते. म्हणून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आपल्याला नुसता कागद नाही. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली गरिबांची, आपल्यासारख्यांची अतिक्रमणं नियमित करायची असं त्यात सरकारनंच लिहिलंय. त्याला तीस वर्षांवर होऊन गेली. त्या वेळी जन्मलेली लेकरं आता आईबाप झाली आणि त्यांची लेकरं पांढरी जन्मतायत. जमिनीची फाईल टेबलावर पडून राहते तेव्हा नुसती फाईल पडून राहत नाही.

बहिणीला पुन्हा दिवस गेलेत. या खेपेला तिचं कार्ड माझ्या पिशवीत आहे. रक्ताची तपासणी चालू आहे, मोठ्या दवाखान्यात नाव घातलंय, आणि ती कोयत्यावर जाणार नाही. दाजींनी या वर्षी उचल एकट्याचीच घेतली. घर चालवायला गायरानातली तूर आहे. ती तूर उभी राहावी म्हणून उद्या आपण तहसीलवर जातोय. पोटुशा बाया सोडून सगळ्यांनी यायचं. आणि येताना घरातली जुनी-नवी सगळी दवाखान्याची कार्डं घेऊन या. मोर्चा संपला की तिथंच बसून वाचू, कोण निगेटिव्ह आहे ते.

जिंदाबाद!